रुखीच्या रागाची हजेरी

किन्हीराजा, सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७. सकाळ.

आजपासून प्लॅन सुरू. सरकारचा पंचवार्षिक, माझा पंचआठवडी. ध्येय: माझी मुलगी रुखमा, वय साडेनऊ, इयत्ता तिसरी, हिचा राग मुळासकट काढणे. मुदत: रविवार, ८ डिसेंबर.

मुदत कुठून आली ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी माझ्यावर ढकलायला नको. भाऊबीजेला इंझोरीहून माझी बहीण नानीबाई आली होती. ती मला ओवाळत असताना रुखीने करंज्यांचं ताट भिरकावलं. कारण काय, ते मी विचारलं नाही. ती कारणं विचारायची वेळ नव्हती. मी ठाम स्वरात बोललो. (बायको गोमती म्हणते, ओरडले. गल्लीतली माणसं दारात जमली हे खरं, पण सणाला माणसं येतातच.) त्या ठामपणात तोंडातून निघून गेलं की यंदा ओवाळणीत हिलाच घेऊन जा. नानीबाईने ताट खाली ठेवलं आणि चार माणसांदेखत म्हणाली, घेतली.

तिला दोन मुलगे, तीन म्हशी, मुलगी नाही. आणि ओवाळणीत घातलेलं परत मागायची आपल्यात रीत नाही. गोमतीने डोळ्याला पदर लावला तेव्हा पाच आठवड्यांची सवलत मिळाली. तोवर पोरगी ताळ्यावर आली तर ठीक, नाहीतर इंझोरी. तिथे शाळा नाही. नानीबाईचं म्हणणं, ‘शाळा कायले पायजे? म्हशीमागं फिरन त डोकं थंड होईन.’

काळजीचं कारण नाही. मी हेडमास्तर आहे, शिक्षकांची नॉर्मल परीक्षा पास, बालमानसशास्त्रात बासष्ट मार्क. शिवाय स्वभावाने शांत.

बुधवार, ६ नोव्हेंबर.

रजा टाकून रुखीला वाशीमच्या डॉक्टरांना दाखवलं. बसमध्ये शेजारच्या बाईची कोंबडी तिच्या पायाला लागली. तिथून वाशीमपर्यंत काय झालं ते लिहीत नाही. कंडक्टर सभ्य होता.

डॉक्टरांनी नाडी, डोळे, जीभ सगळं पाहिलं. म्हणाले, काही मुलांना ताप येतो तसा राग येतो. ती तो आणत नाहीत. तो चढला असताना भांडायचं नाही, शिकवायचं नाही, जवळ राहायचं. उतरला की मग बोलायचं. आणि एका वहीत लिहायचं: कोणत्या दिवशी आला, आणि येण्याआधी काय झालं होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, असं त्यांनी दोनदा सांगितलं. रुखी खाली बघून ऐकत होती.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांना शाळेचा अनुभव नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर.

डॉक्टरांची सूचना सुधारून अमलात आणली. शाळेचं कोरं हजेरीपत्रक घेतलं. नाव: रुखमा रामराव. राग आला त्या दिवशी ‘ह’, नाही आला त्या दिवशी ‘गै’. गैरहजेरी वाढवणं हे ध्येय. ‘आधी काय झालं’ हा रकाना मी काढून टाकला. वीस वर्षांच्या नोकरीत कळलेली गोष्ट ही, की कारण विचारलं की मुलं सबब सांगतात.

पत्रक ओसरीत, सगळ्यांना दिसेल असं लावलं. लावताना शाईची दौत सांडली. ती दारात कुणी ठेवली यावर घरात थोडी चर्चा झाली. तांब्या हातातून निसटला. तो अंगणात तुळशीपलीकडे सापडला.

रुखी: ह.

शनिवार, ९ नोव्हेंबर.

प्रयोग पहिला: राग आला की शंभरपर्यंत अंक मोजणे. संध्याकाळी वेणी घालताना गुंता ओढला गेला आणि राग आला. मी तिच्यासमोर बसून खणखणीत मोजू लागलो. सतराला तिने कंगवा फेकला. तेवीसला तिने कान झाकले. मी चुकलो, पुन्हा एकपासून सुरुवात केली, कारण शिस्त म्हणजे शिस्त. दुसऱ्यांदा एकतीसला मीच पाट आपटला. तो आकडे लक्षात राहावेत म्हणून.

ह.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.

पेपर आला. रशियाने आकाशात कुत्री पाठवली. माणूस कुत्रीला आकाशात बसवू शकतो, तर मी एका मुलीला पाटावर बसवू शकत नाही हे मानायला मी तयार नाही.

जेवायला बसलो तेव्हा वाढायला उशीर. बोलणं झालं. रुखीचा संबंध नव्हता, पण ती ऐकून थरथरायला लागली आणि मग तिचंही झालं. मुलांना दुसऱ्याचं भांडण फुकटचं लागतं.

ह.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

प्रयोग दुसरा: समजावणे. ‘क्रोधाचे दुष्परिणाम’ या विषयावर मुद्दे काढले: शारीरिक, कौटुंबिक, सामाजिक. रुखीला समोर बसवून तासभर बोललो. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. माझ्या मते खोल परिणाम झाला.

शेवटी विचारलं, काय समजलं. ती म्हणाली, ‘मी नाई करत बाबा. ते येते. मले पयले हातात मुंग्या येतात, मंग काईच दिसत नाई.’ हे माझ्या मुद्द्यांत कुठेच नव्हतं, म्हणून तिला पुन्हा सामाजिक परिणामांपासून सांगू लागलो.

ह.

सोमवार, १८ नोव्हेंबर.

शाळेत. तिसरीचे पाढे चालू होते. चाळीस पोरं एका सुरात ओरडतात, ते रुखीला सोसत नाही. तिने पाटी आपटली, शेजारणीला चावली, आणि मग भिंतीशी जाऊन बसली, स्वतःच्या मनगटाला नखं लावत. माझे सहायक दौलतसिंग गुरुजी जरासं हसले. मी त्यांना ऑफिसात बोलावून ठामपणे विचारलं. ऑफिस म्हणजे वर्गाचाच पडद्याआडचा भाग, त्यामुळे चाळीस पोरांनीही माझा ठामपणा ऐकला.

दौलतसिंग म्हणाले, ‘मास्तर, मी पोरीले नाई हसलो. तुमी तिच्यावर वराडता तवा तुमचंबी तोंड तिच्यावानीच होते, ते पाहून हसू आलं.’

दौलतसिंगांचा गोपनीय अहवाल लिहिताना हे लक्षात ठेवणार आहे.

ह.

बुधवार, २० नोव्हेंबर. सकाळी सात.

मीठमोहरी, दृष्ट काढणे वगैरे प्रकारांना माझा तात्त्विक विरोध आहे.

त्याच दिवशी, सकाळी आठ.

गोमती पाण्याला गेली असताना मीठमोहरी उतरून पाहिली. वैज्ञानिक दृष्टी म्हणजे सगळं तपासणं. मोहरी चुलीत तडतडली, रुखी दचकून जागी झाली. पुढचं सांगायला नको.

ह.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर.

रुखी दुपारी घरात नव्हती. गल्लीच्या टोकाला शफीक पिंजाऱ्याच्या पडवीत सापडली. थंडीमुळे त्याच्याकडे गाद्या-रजयांचं काम तुंबलंय. तो पिंजायच्या धनुकलीच्या ताणलेल्या तातेवर लाकडी मोगरी मारत होता, कापूस उडत होता, आणि माझी मुलगी कापसाच्या ढिगाशेजारी पाय पोटाशी घेऊन बसली होती. केसांत, भुवयांवर कापूस. शफीकची बायको हुस्नाबानो रजईला टाके घालत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मी विचारलं, ही इथे काय करते. शफीक म्हणाला, ‘काई नाई मास्तर. डोकं गरम झालं का येते. मी आपला पिंजून राह्यतो. बसते, आन् मंग उठून जाते.’ हुस्नाबानोने सांगितलं, पंधरवड्यात सहा-सात वेळा आली. ‘आमी काई इचारत नाई. पाणी प्यायचं असन त माठ थितं हाय.’

म्हणजे घरात नॉर्मल पास बाप असताना पोरगी कापसात बसायला जाते. मी तिला दंड धरून घरी आणलं. वाटेत माझा आवाज जरा उंच होता. पिंजण्याच्या आवाजामुळे कानाला तशी सवय लागते. घरी कंदिलाची काच फुटली. कंदील खिळ्याला नीट अडकवलेला नव्हता.

शफीककडे माझ्यासाठी नवी रजई टाकली आहे, ती रद्द करणार होतो. पण थंडी वाढते आहे.

ह.

मंगळवार, २६ नोव्हेंबर.

प्रयोग पाचवा: मौन. तिसऱ्या आणि चौथ्या प्रयोगाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दिवसभर मी एक शब्दही बोलायचा नाही, सगळं पाटीवर लिहायचं, म्हणजे मुलीसमोर शांततेचा आदर्श राहील. सकाळी साडेआठपर्यंत उत्तम. मग गोमतीला पाटीवरचं वाचता येईना. तिला वाचताच येत नाही, हे मौनात विसरलो होतो. दोन पेन्सिली मोडल्या. पाटी मोडली.

माझं मौन मात्र मोडलं नाही, हे नमूद करतो. मी जे केलं त्याला बोलणं म्हणता येणार नाही.

ह.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आज जे झालं ते लिहितो.

दुपारी रुखीने भाकरीचं टोपलं उधळलं. मी म्हणालो की इंझोरीला जाशील तेव्हाच सुधारशील. ती गेली निघून. तास झाला, दीड तास झाला. शफीककडे नाही. शाळेत नाही. मी गावभर धावलो. दोन विहिरींत वाकून पाहिलं. दुसऱ्या विहिरीत पाहताना मला देवाचं नाव आठवेना.

गावाबाहेर, कापूस भरलेल्या एका सोडलेल्या बैलगाडीखाली झोपलेली सापडली. गुडघा फुटलेला. गालावर माती आणि ओघळ. मी तिला जवळ घ्यायला गेलो होतो. जे झालं ते असं, की मी तिच्यावर इतका ओरडलो की गाडीचा मालक पळत आला आणि त्याने माझाच हात धरला.

ह.

मंगळवार, ३ डिसेंबर.

यश. शनिवारपासून सलग चार दिवस गै. गै. गै. गै. रुखी ओरडत नाही, फेकत नाही, चावत नाही. मागत नाही. शाळेतही नेली नाही, विश्रांती. गोधडी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून असते. भाकरीचे दोन घास.

कोणत्या प्रयोगाने हे झालं ते अजून नक्की करता येत नाही. मौन असावं.

गोमती म्हणाली, ‘ते शांत नाई झाली. ते इझून गेली.’ बायकांना यश पचत नाही.

शनिवार, ७ डिसेंबर.

आठवा गै. शिक्षकांच्या मासिकासाठी लेख लिहायला घेतला: ‘क्रोधी बालकांचे पंचआठवडी शिक्षण’. पहिलं वाक्य झालं: ‘शिक्षक स्वतः शांत असेल तर अर्धे काम झालेच.’

संध्याकाळी रुखीच्या गोधडीजवळ जाऊन सांगितलं, की आत्याला आता तुला न्यावं लागणार नाही, तू सुधारलीस. तिने तोंड न वळवता विचारलं, ‘मंग पुन्हा आलं त?’ मी म्हणालो, येणार नाही. ती म्हणाली, ‘येते ना बाबा. मले मालूम हाय.’ तिने रडायला हवं होतं. रडली नाही. लेख पुढे सरकला नाही.

रविवार, ८ डिसेंबर. दुपार.

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळच्या बसने नानीबाई आली. मी चहा होण्याआधीच पत्रक तिच्यापुढे ठेवलं. नऊ गै. नानीबाईने पत्रकाकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. रुखीच्या अंगाला हात लावला, मग माझ्याकडे वळली. म्हणाली, ‘हे तं आजारी हाय. तू काय केलं इले?’ मी सांगितलं, सुधारली. ती म्हणाली, अशी सुधारलेली पोरगी मी ठेवून जाणार नाही, घेऊन जाते, दूध पाजते, उन्हात बसवते. ओवाळणी माझी आहे.

गोमतीने रुखीचा परकर आणि दोन झंपर घडी करून पिशवीत भरायला घेतले. मी म्हणालो, थांबा. कुणी थांबेना. पिशवीत रुखीचं दप्तरही घालायचं म्हणून नानीबाईने ते रिकामं केलं. पाटी, पाढ्यांचं पुस्तक आणि घडी घातलेला हजेरीपत्रकाचा एक कागद. माझ्याच कपाटातला. नानीबाईला वाचता येत नाही. म्हणाली, ‘हे काय लिवलं हाय पोरीनं? वाच बरं मोठ्यानं.’

माझी मुलगी घरी पडूनही अभ्यास करते, हे बहिणीला दाखवायची संधी होती. मी मोठ्याने वाचलं.

‘नाव: बाबा.’

तिथेच थांबायला हवं होतं. पण वाचनात मध्ये थांबायचं नाही हे मीच वीस वर्षं शिकवत आलो.

‘७ तारीख. ह. आधी काय झालं: शाई सांडली. ९ तारीख. ह. आकडे चुकले. १२ तारीख. ह. जेवले नव्हते. १४ तारीख. गै. खूप बोलले, पण चिडले नाहीत. १८ तारीख. ह. गुरुजी हसले. २० तारीख. गै. लपून मीठमोहरी केली.’

हे गोमतीला माहीत नव्हतं. आता झालं.

‘२२ तारीख. ह. मी हुस्नामावशीकडे शांत बसते, घरी नाही बसत, म्हणून वाईट वाटलं. २६ तारीख. ह. जेवले नव्हते. आईला वाचता येत नाही.’

डॉक्टरांनी सांगितलेला रकाना. मी काढून टाकलेला. तिने खाली बघत ऐकला होता आणि पट्टीने सरळ आखला होता. माझ्या आखणीपेक्षा सरळ.

मी कागदाची घडी घालू लागलो, पण नानीबाई म्हणाली, वाच.

‘२९ तारीख. ह. मी सापडत नव्हते. बाबा घाबरले होते.’

मग सलग: ‘गै. गै. गै. मी पडून असते म्हणून खूश आहेत.’

आणि शेवटी आजची ओळ, शाई ताजी: ‘८ तारीख. अजून नाही. जेवले नाहीत. आज आत्या येणार आहे. राग येईल.’

मी म्हणालो की हे सर्व धादांत एकांगी आहे. आवाज किती होता ते मला सांगता येत नाही. दारात शफीक उभा होता, माझी नवी रजई द्यायला आलेला. तो दोन पावलं मागे सरकला. खुंटीवरची छत्री माझ्या हातात कशी आली ते आठवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली रुखी आठ दिवसांत पहिल्यांदा उठून बसली. भ्यायली नव्हती. गोमतीला म्हणाली, ‘आई, बाबाले भाकर दे आंधी.’

गोमतीने भाकर, ठेचा, पिठलं माझ्यापुढे ठेवलं. मी बसलो. खाल्लं. शफीक ओसरीत टेकला, नानीबाई उंबऱ्यावर, रुखी माझ्यापासून हातभर अंतरावर. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या भाकरीला मला रडू आलं. मी पिठल्यात मिरची जास्त आहे असं म्हणालो. गोमतीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

नानीबाईने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाली, ‘आता मी कोणाले नेऊ? इले का तुले?’

मी म्हणालो, पोरगी देत नाही. चार माणसांदेखत दिली होती, चार माणसांदेखत माघारी मागतो, मला लाज नाही. हे मात्र मी ओरडून म्हणालो नाही. विचारायचं असेल तर रुखीला विचारावं. नानीबाई म्हणाली, ओवाळणीचं ताट रिकामं राहत नाही, काहीतरी घालावं लागतं. तिने शफीकच्या खांद्यावरची रजई ओढून घेतली, हात फिरवून पाहिला, पसंत केली.

चारच्या बसने नानीबाई आणि माझी रजई इंझोरीला गेल्या. माझ्या अंगावर जुनीच गोधडी आहे.

सोमवार, ९ डिसेंबर. संध्याकाळ.

मासिकाचा लेख फाडला. ओसरीतलं पत्रक काढलं. नवा कागद लावला, दोघांची नावं, तीन रकाने, तिसरा ‘आधी काय झालं’चा. आखणी रुखीने केली.

सकाळी वेणीच्या वेळी तिला आलं. मी मोजलं नाही, समजावलं नाही. हातभर अंतरावर बसलो. काय करावं सुचेना म्हणून शफीककडून आणलेल्या कापसातली सरकी काढत राहिलो. पाऊण तास. फार लांब असतो. मध्ये तिने माझा चष्मा ओढून फेकला, एक दांडी गेली. मी सरकी काढत राहिलो. शेवटी ती येऊन माझ्या गुडघ्याला टेकली आणि म्हणाली, ‘गेलं.’ मग तिनेच लिहिलं: ह. वेणी ओढली गेली. उद्यापासून वेणी सैल घालायची, हे गोमतीला सांगितलं. ती म्हणाली, हे ती वर्षभर सांगते आहे.

माझ्या रकान्यात मी स्वतः मोठ्या अक्षरात ‘गै’ लिहिलं. आयुष्यातलं पहिलं खरं गै.

शाळेतून परत आलो तर सकाळी काढलेली सरकी शेजाऱ्याच्या बकरीने ओसरीत चढून खाल्लेली. मी बकरीशी ठामपणे बोललो. गल्लीतली माणसं दारात आली. मी रुखीला समजावून सांगितलं की बकरी घरातलं माणूस नाही, ते धरायचं नसतं. तिने शांतपणे विचारलं, दुपारी डबा खाल्ला होता का. डबा तसाच होता.

तिने माझं गै खोडलं. त्याच्यावर, मी तिच्या वर्गात शिकवलेल्या पद्धतीने, बारीक अक्षरात लिहिलं: ‘उशिरा हजर.’